फायरवायरच्या जुन्या हार्ड डिस्क नव्या मॅकला कशा जोडाव्यात? (संकलनासाठी फुटेज हवं आहे)

रंगपट

नमस्कार मंडळी,

२००५ ते २०१४ या काळात सिंधुदुर्गात चित्रित झालेल्या दशावतारी नाटकांचं फुटेज पाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे. त्यातून दीड तासाचा माहितीपट बांधायचा आहे. संगणक १४ इंची मॅकबुक प्रो, एम४ चिप, तीन थंडरबोल्ट ४ पोर्ट, मॅकओएस टाहो. संकलन दाविंची रिझॉल्व्हमध्ये.

डिस्क अशा आहेत:

क – २५० जीबी, ३.५ इंची. केसिंगला फक्त फायरवायर ४००. मिनी डीव्ही टेपवरून उतरवलेलं फुटेज.
ख – १ टीबी. मागे फायरवायर ८००, ई-साटा आणि यूएसबी २. एचडीव्ही फुटेज आणि फायनल कट प्रो ७ चे प्रोजेक्ट.
ग – दोन डिस्कचं मोठं केसिंग, मिळून २ टीबी, रेड शून्य. फायरवायर ८०० आणि ई-साटा. प्रोरेस ४२२, १०८०.
घ – वेस्टर्न डिजिटल माय बुक, ३ टीबी, यूएसबी ३.
च – ५०० जीबी, खिशात मावणारी, यूएसबी २. दोन तोंडांची केबल. दिवा लागतो, पण बारीक टिक्-टिक् आवाज येतो आणि डेस्कटॉपवर काही दिसत नाही.

थंडरबोल्ट ३ ते २ आणि त्याच्या पुढे थंडरबोल्ट ते फायरवायर, असे ॲपलचे दोन ॲडॉप्टर एकामागे एक लावून पाहिले. क, ख, ग यातलं काहीच दिसत नाही. दुकानात यूएसबी ते फायरवायर अशी छोटी पिन मिळते, ती लावा म्हणतात. ती घ्यावी का? डिस्क उघडून आतली काढली तर चालेल का? आणि एकदा जोडल्यावर थेट त्याच डिस्कवरून संकलन करता येईल का?

---

तारामंडळ

पहिली गोष्ट, ती पिन घेऊ नका. यूएसबी आणि फायरवायर यांची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. त्या पिनेत कुठलीही चिप नसते, एका टोकाच्या तारा दुसऱ्या टोकाला नुसत्या जोडलेल्या असतात. तिच्यातून डेटा कधीच येणार नाही. उलट फायरवायरच्या वीजतारेवर ८ ते ३० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि यूएसबी पोर्ट ५ व्होल्टचा. फायरवायरच्या बाजूने वीज आली तर मॅकचा पोर्ट जायचा.

तुमचे ॲडॉप्टर बिघडलेले नाहीत. मॅकओएस टाहोमधून, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीपासून, ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. ॲडॉप्टर कितीही बदला, ड्रायव्हर नाही म्हणजे डिस्क दिसणार नाही. सिस्टिम इन्फर्मेशनच्या यादीतला फायरवायरचा रकानासुद्धा गेला आहे, तपासून पाहा.

पण तुमचा मॅक एम४ चा आहे, हे चांगलं झालं. हा मॅक सिकोया या टाहोच्या आधीच्या आवृत्तीसह बाजारात आला होता, म्हणजे सिकोया त्यावर अजूनही चालते. आतल्या टाहोला हात न लावता एका बाहेरच्या एसएसडीवर सिकोया घाला आणि फक्त कॉपी करण्यापुरता मॅक त्यावरून चालू करा. एम५ च्या मॅकला ही सोय नाही, तो टाहोसहच आला.

करायचं असं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सिकोयाचा बूट होणारा इन्स्टॉलर बनवा. टाहोमध्ये बसून सिकोयाचा इन्स्टॉलर नुसता डबल क्लिक केला तर तो 'फार जुना आहे' म्हणून उघडत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हचा मार्ग धरा. मॅक पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरून ठेवा, स्टार्टअपचे पर्याय दिसले की पेनड्राइव्ह निवडा. बाहेरची एसएसडी एपीएफएसमध्ये फॉरमॅट करून तिच्यावर सिकोया बसवा. इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं तर एसएसडी दुसऱ्या पोर्टला लावून बघा. ॲपल सिलिकॉनच्या प्रत्येक मॅकला एक पोर्ट डीएफयूसाठी (मॅकचं मूळ सॉफ्टवेअर दुसऱ्या मॅकवरून परत भरण्यासाठी) राखलेला असतो आणि त्याला लावलेल्या डिस्कवर इन्स्टॉल नीट होत नाही. तो कुठला, हे मॉडेलप्रमाणे बदलतं.

सिकोयात गेलात की तुमची तीच दोन ॲडॉप्टरांची साखळी चालेल. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लॅपटॉपवर नवीन उपकरण लावल्यावर 'जोडू द्यायचं का' अशी खिडकी येते. स्क्रीन लॉक असेल तर ती दिसत नाही आणि आपण केबल बदलत बसतो. आधी लॉक उघडा, मग लावा. दोन, ॲडॉप्टर फायरवायरच्या बाजूला जेमतेम ७ वॉट देतो. ३.५ इंची केसिंगला त्याचा स्वतःचा वीज ॲडॉप्टर लावायलाच हवा. तीन, ॲडॉप्टरचं तोंड ८०० चं, ९ पिनांचं आहे. क साठी ९ ते ६ पिनांची केबल लागेल. तीनही डिस्क साखळीने लावल्या तर ८०० वाल्या पुढे आणि ४०० वाली शेवटी. मधे हळू डिस्क आली की तिच्या पलीकडचं सगळं तिच्या वेगाने चालतं. खरं तर एका वेळी एकच लावा.

६ पिनांचं सॉकेट जुनं होऊन सैल पडलं असेल तर प्लग उलटाही आत जातो आणि वीजतार डेटाच्या पिनेवर येऊन केसिंगचा बोर्ड जळतो. घालण्याआधी प्लगची निमुळती बाजू आणि सॉकेटची निमुळती बाजू डोळ्यांनी जुळवून घ्या.

---

पाना-पकड

तारामंडळ म्हणतात ते बरोबर. पण क साठी एवढ्या साखळीची गरज नाही. त्या काळातल्या २५० जीबीच्या ३.५ इंची केसिंगमध्ये बहुतेक आयडीई डिस्क असते. उघडून पाहा: मागे ४० पिनांची दोन रांगांची लांब पट्टी आणि शेजारी चार जाड पिनांचं वीज सॉकेट दिसलं तर आयडीई. एल आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या दिसल्या तर साटा.

आयडीई असेल तर यूएसबी ते साटा-आयडीई असा जोडसंच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा. घेताना दोन गोष्टी बघा: त्याच्याबरोबर १२ व्होल्ट २ अँपिअरचा वीज ॲडॉप्टर आणि चार पिनांचा मोलेक्स प्लग असला पाहिजे. नुसत्या यूएसबीच्या विजेवर ३.५ इंची डिस्क फिरत नाही. डिस्कच्या मागचा छोटा जंपर 'मास्टर' वर ठेवा, खुणा डिस्कच्या लेबलवरच छापलेल्या असतात. 'स्लेव्ह' वर असेल तर काही जोडसंचांना ती दिसत नाही. आणि ४० पिनांतली एक मधली पिन मुद्दाम नसते, ती बघून केबलची दिशा ठरवा. जोर लावून घातली की पिना वाकल्याच.

जोडायचा क्रम: आधी डेटाची केबल, मग वीज, डिस्क पूर्ण वेगाने फिरू लागली की मगच यूएसबी मॅकला. डिस्क टेबलावर सपाट ठेवा. बोर्डाची बाजू खाली येत असेल तर खाली कोरडा पुठ्ठा हवा, लोखंडी टेबलावर थेट नको. फिरत असताना उचलायची नाही, वळवायची नाही.

ख सुद्धा उघडून आतली साटा डिस्क यूएसबी ३ च्या डॉकमध्ये उभी घातली तर १०० एमबीच्या आसपास वेग मिळेल.

ग मात्र उघडू नका. रेड शून्यात प्रत्येक फाइलचे तुकडे आलटून पालटून दोन्ही डिस्कवर पडलेले असतात. एकच डिस्क डॉकला लावली तर मॅक म्हणणार ही वाचता येत नाही. ती जुळवणी केसिंगच्या बोर्डावर होते, म्हणून ग त्याच केसिंगमधून, फायरवायरनेच घ्या. बोर्ड मेला असेल तरच पुढचा मार्ग: दोन्ही डिस्कवर '१' आणि '२' लिहून क्रम पक्का करा, दोन्हींची प्रतिमा (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एक फाइल) काढा आणि तुकड्याचा आकार शोधून सॉफ्टवेअरमध्ये जुळवा.

घ सुद्धा उघडू नका. माय बुकच्या अनेक मॉडेलांत यूएसबीचा छोटा बोर्ड प्रत्येक बाइट कूटबद्ध करून डिस्कवर लिहितो. तुम्ही पासवर्ड कधी लावला नसला तरीही. डिस्क बाहेर काढून डॉकला लावली की आत नुसता कचरा दिसतो. शिवाय २ टीबीच्या वरच्या काही केसिंगचा बोर्ड संगणकाला सेक्टर ४०९६ बाइटचा सांगतो आणि तीच डिस्क थेट साटाने लावली की ५१२ चा. मग विभागणीचा तक्ताच चुकीच्या जागी शोधला जातो. घ तर यूएसबी ३ चीच आहे. मायक्रो-बी ते टाइप-सी अशी केबल घ्या, चपट्या, मधे खाच असलेल्या तोंडाची. जुनी केबल आणि टाइप-सीची पिन लावूनही चालेल. पण सगळी तोंडं निळ्या जिभेची, म्हणजे यूएसबी ३ ची असू द्या. मधे एक यूएसबी २ ची पिन आली की ३ टीबीला एक रात्र लागायची तिथे पूर्ण दिवस लागेल.

वीज ॲडॉप्टरबद्दल. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेले काळे ॲडॉप्टर एकमेकांत मिसळतात आणि गोल पिन सारखीच दिसते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर १२ व्होल्टच्या केसिंगला बसतो, आणि बसतो म्हणून लावला जातो. डिस्कच्या बोर्डावर दाब झेलणारा एक डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. मग डिस्क फिरतच नाही. लेबलवरचे व्होल्ट अगदी तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधली पिन धन की ऋण हे चिन्ह, असं तिन्ही वाचल्याशिवाय लावू नका. मल्टिमीटर असेल तर पिनेवरचा दाब मोजा. १२ च्या जागी साडेदहा-अकरा दाखवत असेल तर ॲडॉप्टरमधला कपॅसिटर थकलाय. अशा ॲडॉप्टरवर डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली.

---

तारामंडळ

पाना-पकड, ख उघडायची गरज नाही असं मला वाटतं. तिला यूएसबी २ आहेच. चौकोनी बी तोंडाची केबल आणि टाइप-सी पिन लावली की टाहोमध्येसुद्धा आत्ता चालेल. यूएसबी २ वर खरा वेग सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतो. १ टीबीला आठ तास. संध्याकाळी लावली की सकाळी झाली. फायरवायर ८०० वर ७० ते ८० मिळतात, साडेतीन-चार तास. त्या चार तासांसाठी पंधरा वर्षांच्या केसिंगचे स्क्रू फिरवून आतली रबरं तोडण्यात अर्थ नाही.

---

पाना-पकड

मान्य. कॉपी एकदाच करायची असेल तर ख बंदच ठेवा.

---

उबुंटूवाला

च बद्दल कुणी बोललं नाही, आणि पाचांतली सर्वांत नाजूक तीच आहे.

टिक्-टिक् दोन प्रकारची असते. २.५ इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना जवळजवळ १ अँपिअर लागतो. यूएसबी २ चा पोर्ट ०.५ देतो, म्हणून तर त्या डिस्कला दोन तोंडांची केबल दिली होती. वीज कमी पडली की डिस्क फिरू लागते, दमते, डोकं परत जागेवर जातं, पुन्हा सुरू होते. आवाज टिक्, थोडी शांतता, टिक्. हे असेल तर इलाज सोपा आहे: केबलची दोन्ही तोंडं वीज असलेल्या यूएसबी हबला लावा, ज्याला स्वतःचा ॲडॉप्टर आहे असा हब. केबल लहान घ्या, अर्ध्या मीटरच्या आतली. लांब आणि बारीक केबलीत दाब उतरतो.

दुसरा प्रकार: डिस्क पूर्ण वेगाने फिरते, बोट ठेवलं तर सलग थरथर जाणवते, आणि तरी ठरावीक अंतराने पाच-सहा ठोके येऊन ती गप्प होते. तिथे वाचणारं डोकं जागा शोधू शकत नाही. लगेच वीज काढा. दुसरी केबल, दुसरा संगणक, फ्रिजमध्ये ठेवणं, हलके टकटकवणं, यातलं काहीही करू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर डोकं तबकडीवर घासण्याचा धोका वाढतो. त्यातलं फुटेज दुसरीकडे कुठेच नसेल तर स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

वीज नीट दिल्यावर दिसू लागली तरी फाइंडरने ओढून कॉपी करू नका. फाइंडर खराब सेक्टरवर अडकून बसतो आणि शेवटी सगळी कॉपी सोडून देतो. लिनक्सचा कुठलाही संगणक घ्या आणि डीडीरेस्क्यू वापरा. तो आधी चांगले भाग भराभर वाचून घेतो, अडणारे भाग सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा फाइलीत लिहितो. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेले भाग, जास्तीत जास्त तीन प्रयत्न. मधे वीज गेली तरी नकाशामुळे तिथूनच पुढे सुरू होतं. नकाशाची फाइल विसरलात तर पहिल्यापासून. प्रतिमा ठेवायला ५०० जीबीहून जास्त मोकळी जागा हवी. नंतर सगळं काम त्या प्रतिमेवर करायचं, डिस्क परत कपाटात.

इतर चारही डिस्कची तब्येत कॉपीच्या आधी बघून घ्या. मॅकवर यूएसबीतून स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती सहज दिसत नाही, लिनक्सवर किंवा विंडोजच्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बहुतेक केसिंगची दिसते. ५, १९७ आणि १९८ हे आकडे बघा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचायला अडलेले, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. १९७ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कलाही डीडीरेस्क्यूच. १९९ वाढत असेल तर दोष केबलचा, डिस्कचा नाही.

मॅकवर सिकोया घालणं जमलं नाही तर लिनक्सच्या कर्नेलमध्ये फायरवायर अजून आहे. डेस्कटॉपला फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावा, ग तिथून उतरवता येईल. मॅक ओएस एक्स्टेंडेडची डिस्क लिनक्स वाचते.

आणि कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या डिस्क आहेत म्हणून सांगतो: थेट एसीच्या खोलीत नेऊन लावू नका, आणि एसीतून बाहेर आणूनही नाही. पिशवीसह चार-पाच तास त्याच खोलीत राहू द्या. पिनांवर हिरवट किंवा काळसर थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

---

टाइमलाइन

थेट त्या डिस्कवरून संकलन करता येईल का, याचं उत्तर: करू नका, आणि कारण फक्त वेग नाही.

वेगाचा हिशोब आधी. मिनी डीव्हीला सेकंदाला साडेतीन एमबीच्या वर थोडं लागतं, तासाला साधारण १३ जीबी. एचडीव्हीलाही तेवढंच. प्रोरेस ४२२, १०८०, २५ फ्रेम: १२२ मेगाबिट, म्हणजे १५ एमबी. म्हणजे कागदावर यूएसबी २ सुद्धा पुरेसं वाटतं. पण संकलनात आपण एक फाइल सरळ वाचत नाही. सूत्रधाराचा गणपती, त्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचा संकासुर, खाली हार्मोनियम-पखवाजाचे वेगळे ध्वनिपट्टे, आणि टाइमलाइनवर मागे-पुढे उड्या. प्रत्येक उडीला डिस्कचं डोकं हलतं, १० ते १५ मिलिसेकंद जातात. दोन-तीन प्रवाह एकत्र आले की फ्रेम गळतात. आणि दहा-पंधरा वर्षांच्या यंत्राला दिवसभर अशा उड्या मारायला लावणं म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य संपवणं. ही डिस्क आता एकदाच, सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आहे.

म्हणून: ८ टीबीच्या ३.५ इंची दोन नव्या डिस्क. तुमचं सगळं मिळून पावणेसात टीबी होतं. दोन्हींवर पूर्ण प्रत, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी. संकलनाला २ टीबीची एसएसडी, तिच्यावर फक्त माहितीपटाला लागणारं फुटेज. खिशातल्या ४-५ टीबीच्या २.५ इंची डिस्क या कामाला घेऊ नका. त्यांच्यात पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, सलग काही तास लिहिलं की वेग एकदम कोसळतो.

फॉरमॅट: एसएसडीला एपीएफएस, फिरत्या डिस्कला मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड. फिरत्या डिस्कवर एपीएफएस कालांतराने फार मंदावतं. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं म्हणून मोह होतो, पण त्याला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. केबल चुकून निघाली की मॅक तपासणी करत बसतो आणि डिस्क तासभर दिसतच नाही. घ एनटीएफएसमध्ये असेल तर मॅक ती फक्त वाचू देईल, लिहू देणार नाही. आपल्याला तेच हवंय.

कॉपी रिझॉल्व्हमधूनच करा. मीडियाच्या पानावर क्लोन टूल आहे, फुकटच्या आवृत्तीतही. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे एकापेक्षा जास्त ठिकाणं देता येतात, आणि कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्या बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून बघतं. फाइंडर 'झालं' म्हणतो तेव्हा बाइट जुळलेत की नाही हे तो सांगत नसतो.

फाइलींची आणि फोल्डरांची नावं बदलू नका. 'रील ०१२' आवडलं नाही म्हणून 'वालावल जत्रा' केलं की जुना प्रोजेक्ट ती फाइल ओळखणार नाही. नव्या डिस्कवर प्रत्येक जुन्या डिस्कच्या नावाचं एक फोल्डर करा आणि आतलं सगळं जसंच्या तसं ठेवा. फायनल कट ७ च्या प्रोजेक्टमध्ये डिस्कच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. नुसतं वरचं टोक बदललं असेल तर रिझॉल्व्हमध्ये एकदाच फोल्डर दाखवून सगळं जोडता येतं.

फायनल कट ७ चे प्रोजेक्ट हा खरा अडसर आहे. रिझॉल्व्ह ते थेट उघडत नाही. फायनल कट प्रोची नवी आवृत्तीही नाही. त्यांच्यातून एक्सएमएल (कुठे कुठला कट आहे हे लिहिलेली मजकूर फाइल) काढायला फायनल कट ७ चालू असलेला मॅक हवा आणि फायनल कट ७ हाय सिएरापासून पुढे चालत नाही. म्हणजे सिएरा किंवा त्याच्या आधीची आवृत्ती. माझं मत, सिकोयाच्या खटपटीपेक्षा २०१२ चा मॅक मिनी कुणाकडे मिळतोय का बघा. त्याला फायरवायर ८०० आहे, यूएसबी ३ आहे, आणि सिएरावर फायनल कट ७ चालतं. क, ख, ग तिन्ही ॲडॉप्टरशिवाय लागतील, आणि तिथेच एक्सएमएल निघेल. नवी डिस्क मात्र मॅक ओएस एक्स्टेंडेडच हवी, सिएराला एपीएफएस भरवशाने वाचता येत नाही.

---

रंगपट

मनापासून आभार. ताजी स्थिती: २०१२ चा मॅक मिनी महिनाभरासाठी मिळाला, त्यावर सिएरा आहे. क उघडली, आयडीईच निघाली, जोडसंचातून २८ एमबीने उतरली. च वीज असलेल्या हबवर टिक्-टिक् न करता फिरते आहे, तिची प्रतिमा लिनक्सवर सुरू आहे. दोन अडचणी:

१) ग फायरवायरने लावल्यावर मॅक मिनी म्हणतो, 'ही डिस्क या संगणकाला वाचता येत नाही', आणि इनिशियलाइज, इग्नोर, इजेक्ट असे तीन पर्याय देतो.
२) एक्सएमएल नेमकं कसं काढायचं? एका प्रोजेक्टमध्ये तीस-चाळीस सीक्वेन्स आहेत.

---

तारामंडळ

इनिशियलाइज दाबू नका. इग्नोर दाबा आणि डिस्क युटिलिटीत जाऊन दिसणारी क्षमता वाचा. २ टीबी दिसते की १ टीबी?

---

रंगपट

१ टीबी दिसते.

---

पाना-पकड

मग केसिंगला दोनपैकी एकच डिस्क दिसते आहे. फर्स्ट एड चालवू नका, अर्ध्या डेटावर दुरुस्ती म्हणजे उरलेलं बिघडवणं. बंद करा, वीज काढा. मागे रेडचा प्रकार निवडायचं छोटं बटण किंवा फिरती खूण असेल तर आत्ता ती कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि तिला हात लावू नका. काही केसिंगमध्ये ती हलवली की पुढच्या चालूला बोर्ड नव्याने रेड बांधतो.

मग वीज ॲडॉप्टर तपासा. दोन ३.५ इंची डिस्क एकाच वेळी सुरू होताना १२ व्होल्टवर प्रत्येकी २ अँपिअरच्या आसपास ओढतात. थकलेला ॲडॉप्टर एकीला उठवतो, दुसरी राहून जाते. मूळ लेबलइतक्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा ॲडॉप्टर लावून बघा. दोन्ही डिस्क फिरताना वेगवेगळे दोन आवाज एकामागे एक चढताना ऐकू आले पाहिजेत. तरीही १ टीबीच दिसली तर दोन्ही काढून खुणा करा, पिना पुसा, ज्या खणातली त्याच खणात परत घट्ट बसवा. बरेचदा जागा सैल पडलेली असते.

---

टाइमलाइन

दुसऱ्या प्रश्नाचं. फायनल कट ७ मध्ये प्रोजेक्ट उघडा, पूर्ण प्रोजेक्ट न निवडता ब्राउझरमध्ये एक सीक्वेन्स निवडा. फाइल, एक्स्पोर्ट, एक्सएमएल. आवृत्ती ५ निवडा. सीक्वेन्सच्याच नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. चाळीसही काढा, मॅक मिनी परत गेल्यावर मार्ग राहणार नाही. पण काढण्याआधी प्रत्येक सीक्वेन्सच्या आत दुसरे सीक्वेन्स घातलेत का बघा. घातले असतील तर मूळची एक नक्कल करून तिच्यात ते मोकळे करा, नाहीतर रिझॉल्व्हमध्ये त्या जागी गोंधळ होतो.

शिवाय प्रत्येक सीक्वेन्सची एक छोटी व्हिडिओ फाइलही काढून ठेवा, टाइमकोड चित्रावर छापून. एक्सएमएलमध्ये कट, टाइमकोड, साधे डिझॉल्व्ह येतात. मजकुराच्या पाट्या आणि बरेचसे फिल्टर येत नाहीत. मूळ कसं दिसत होतं ते ताडून बघायला ही फाइल लागते.

रिझॉल्व्हमध्ये आधी फुटेज मीडिया पूलमध्ये घ्या, मग फाइल, इम्पोर्ट, टाइमलाइन. तिथे 'मूळ क्लिप आपोआप आणा' ही खूण काढून टाका, म्हणजे ते जुन्या डिस्कचे पत्ते शोधत बसणार नाही. प्रोजेक्टचा फ्रेम दर पहिली क्लिप टाकण्याआधीच २५ ठेवा, नंतर बदलता येत नाही. आणि पाल डीव्हीमध्ये खालची फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) आधी असते, १०८० इंटरलेस्डमध्ये वरची. दशावतारात पात्रं गिरक्या घेतात, तिथे फील्डचा क्रम चुकला की हात आणि तलवारी थरथरताना लगेच दिसतात.

---

रंगपट

नवा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर लावला, मूळ लेबलवर ४ होते. दोन आवाज आले, २ टीबी दिसते, डिस्क आपोआप उघडली. क्लोन टूलसाठी डिस्क नव्या मॅकला नेता येत नाही, मॅक मिनीवर सिएरात रिझॉल्व्ह नाही. चेकसम कसा जुळवू?

---

उबुंटूवाला

मॅक मिनीवर टर्मिनलमधून मूळ डिस्कवरच्या सगळ्या फाइलींचे एसएचए २५६ चेकसम एका मजकूर फाइलीत लिहून घ्या. त्यासाठीचा आदेश सिएरात आधीपासून आहे. डिस्कच्या वरच्या फोल्डरमध्ये उभे राहून काढा, म्हणजे पत्ते सापेक्ष येतील. कॉपी झाल्यावर तीच यादी नव्या मॅकवर नव्या डिस्कच्या त्याच फोल्डरमधून तपासणीच्या पर्यायाने चालवा. न जुळलेली प्रत्येक फाइल नावानिशी दिसेल, फक्त तेवढ्या परत कॉपी करा. मूळ डिस्क दोनदा वाचली जाते, ७५ एमबीने २ टीबीला साडेसात तास अधिक साडेसात तास. छोटा पंखा डिस्कवर सोडून ठेवा.